"सुई लगा दो, मॅडम": मेळघाटातल्या पीएचसीत नैराश्यावर उपचार कसा करावा

बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, मेळघाटात येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी पहिल्याच आठवड्यात सांगायचे, की इथं कुणीही समोर बसून "मला उदास वाटतं" असं म्हणणार नाही. "हातपाय टूटते", "कमजोरी है", "जी घबराता है", "भूक मर गई" असं म्हणेल आणि शेवटी बाही वर करून, "सुई लगा दो, मॅडम."

मी धारणी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) सात वर्षं मेडिकल ऑफिसर होते. आजूबाजूची गावं बहुतेक कोरकूंची, मी लातूरकडची. ऐकून ऐकून भाषा येईल हा माझा भ्रम महिनाभरात उतरला, कारण कोरकू ही मराठी-हिंदीच्या घरातली भाषाच नाही, ती मुंडा कुळातली. मानसोपचारतज्ज्ञ अमरावतीला, दीडशे किलोमीटरच्या आसपास, मधे सेमाडोहचा घाट. एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन बस बदलून तिकडं कोण जाणार? रेफरची चिठ्ठी लिहिणं म्हणजे बहुतेक वेळा पेशंटला सभ्यपणे घरी पाठवणं असतं. म्हणून साधं आणि मध्यम नैराश्य पीएचसीतच सांभाळायचं. ते जमतं. कसं, ते सांगते.

जाडजूड केसपेपर

माझ्या डोळ्यात अंजन घातलं ते एका केसपेपरच्या गठ्ठ्यानं. पस्तिशीची बाई, चार महिन्यांत सात वेळा आलेली. प्रत्येक वेळी "जनरल वीकनेस", लोहाच्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्स, दुखण्यावर डायक्लोफेनॅक. सातांपैकी चारांवरचं अक्षर माझंच होतं. आठव्या वेळी ओपीडी संपत आली होती, म्हणून मी सहज विचारलं, "रात्री झोपता किती?" ती हसली. म्हणाली, कोंबडा आरवायच्या कितीतरी आधीपासून जागीच असते. पहिला पोरगा पावसाळ्यात गेला, तेव्हापासून.

त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. तीच अंगदुखी, तीच कमजोरी घेऊन माणूस तीन महिन्यांत तिसऱ्यांदा आला आणि तपासणीत काही सापडलं नाही, की झोप, भूक आणि मन या तीन गोष्टी विचारल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

शरीराचा तपास मात्र आधी नीट करा. हिमोग्लोबिन, सिकलसेल, थायरॉइडसाठी टीएसएच, खोकला-वजन घटणं असेल तर टीबीसाठी थुंकी. सिकलसेलच्या पेशंटचं दुखणं खरंच हाडातलं असतं, ते "मनाचं" ठरवणं म्हणजे अन्याय. उलट चूकही तितकीच होते. इथं हिमोग्लोबिन आठ-नऊ इतक्या बायकांचं असतं की तो आकडा दिसला की आपलं समाधान होतं आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. रक्त कमी असलेल्या बाईला नैराश्य होत नाही असं कुठं लिहिलंय? दोन्हींवर एकदम उपचार करा. औषधांची यादीही बघा. एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, टीबीच्या सायक्लोसेरिनमुळं मन बिघडू शकतं आणि त्याच टीबीचं लिनेझोलिड चालू असेल तर नैराश्याच्या गोळ्या परस्पर सुरू करायच्या नाहीत, दोन्ही मिळून धोकादायक ठरू शकतात.

चौदा चिंचोके

नैराश्य मोजायला पीएचक्यू ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतो. पहिले दोन प्रश्न आशाताईंच्या तपासणी फॉर्ममध्येच असतात: कशात रस न वाटणं आणि उदास, हताश वाटणं. सहापैकी तीन किंवा जास्त गुण आले की पुढचे सात विचारायचे. एकूण सत्तावीस गुण. दहाच्या वर गंभीरपणे घ्यायचं, वीसच्या वर त्याच दिवशी तज्ज्ञाला फोन.

कागदावर सोपं वाटतं. अडचण येते ती "गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस" या शब्दांशी. "निम्म्याहून जास्त दिवस" हे भाषांतर मी तीन प्रकारे करून पाहिलं, समोरून तिन्ही वेळा "हाँ मॅडम" आलं. मग आमच्या एका आशाताईंनी तोडगा काढला. आठवडे इथं बाजारावरून मोजतात, म्हणून "दो बाजार पहले से आज तक" असं विचारायचं. आणि टेबलावर चौदा चिंचोके ठेवायचे. "हे चौदा दिवस. यातल्या किती रात्री झोप लागली नाही, तेवढे इकडं सरकवा." बाई एक-एक चिंचोका बोटानं ढकलते, मधे थांबते, एखादा परत घेते. ते थांबणं बघत राहा. पुष्कळदा पुढचं बोलणं तिथूनच सुरू होतं. माझ्या ड्रॉवरमध्ये चिंचोक्यांची डबी कायम असायची. नर्स म्हणायची, मॅडम लहान मुलांना खेळायला देतात.

दुभाष्याबद्दल माझी चूक सांगते. सुरुवातीला सोबत आलेला जो हिंदी जाणणारा, त्यालाच मी विचारायला लावायचे. एका तरुण बाईबरोबर तिचा दीर होता. नऊ प्रश्न, नऊ वेळा "नाही". गुण शून्य. दोन दिवसांनी आशाताई एकटीच तिच्याशी बोलली तेव्हा तेच गुण सोळा निघाले. घरातला माणूस दुभाषा म्हणून घेऊ नका, नवरा तर नाहीच. आशाताई किंवा कोरकू बोलणारी एएनएम (गावपातळीवरची नर्स) घ्या, आणि तिला आधी सांगून ठेवा की उत्तराचा सारांश करून सांगायचा नाही, पेशंटचे शब्द जसेच्या तसे सांगायचे.

जागाही हवी. कोरकू गावात घरं समोरासमोर दोन ओळींत असतात, मधे रस्ता. अंगणात काय चाललंय ते सगळ्या गावाला दिसतं. त्यामुळं "घरी जाऊन समुपदेशन" हे ऐकायला छान, प्रत्यक्षात चार बायका दारात येऊन बसतात. लसीकरणाची खोली दुपारी रिकामी असते, ती वापरा.

नववा प्रश्न, जीव देण्याच्या विचाराचा, नवे डॉक्टर गाळतात. विचारलं तर डोक्यात भरेल अशी भीती वाटते. तसं होत नाही. सरळ विचारा: "इतकं जड होतं तेव्हा मरून जावं असं वाटतं का? काही ठरवलंय का?" "वाटतं" असं उत्तर आलं तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी तेच बघायचं. त्याबद्दल खाली लिहिते.

पहिल्या दिवशी काय बोलायचं

"तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." हे वाक्य जिभेवरून काढूनच टाका. तिला झालंय. हातपाय खरंच दुखतायत. नैराश्यात दुखणं जास्त जाणवतं, झोप मोडते, भूक जाते, ही शरीरातली गोष्ट आहे.

"डिप्रेशन" हा शब्द मी पहिल्या भेटीत वापरत नाही आणि "मानसिक" तर नाहीच, कारण तो इथं सरळ "पागल" होऊन गावात पोचतो. मी असं सांगते: दुःख आणि जागरण बरेच दिवस साचलं की अंगातली ताकद खातं. हा आजार पुष्कळांना होतो, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो, पण तापासारखा तीन दिवसांत जात नाही.

आणि सुईचं काय? पहिलं वर्षभर मी देत होते. बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन, कधी सलाईनसुद्धा. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि पुढच्या बाजारी परत तीच रांग. बंद केलं तेव्हा काही पेशंट सलाईन लावणाऱ्या झोलाछाप डॉक्टरकडं वळले. तरी सांगते, देऊ नका. नाडी बघा, रक्तदाब मोजा, पोटाला हात लावून तपासा, वेळ घ्या. अंगाला हात न लावता हातात गोळी ठेवणाऱ्या डॉक्टरवर कुणीच विश्वास ठेवत नाही, शहरातही नाही.

भूमकाकडं, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदू-मांत्रिकाकडं, जाऊन आलात का, हेही सहज, कपाळाला आठी न घालता विचारा. बहुतेक जण जाऊन आलेले असतात. मी सांगते, "त्यांचं चालू ठेवा, माझंही चालू ठेवा." चटके देणं आणि उपाशी ठेवणं या दोनच गोष्टींना माझा साफ नकार. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या भूमकाबरोबर मी पुष्कळदा चहा घेतला. नंतर तोच एकदा एका पोराला घेऊन आला आणि म्हणाला, याला माझ्याकडचं काही लागलं नाही, तुमचं बघा.

दुःखाचंही एक सांगायचं आहे. मेलेल्या माणसासाठी कोरकू लोक सिडोलीचा विधी करतात, कोरलेला लाकडी मुंडा, म्हणजे स्मृतीचा खांब, उभारतात. त्याला खर्च येतो, म्हणून कधीकधी तो वर्षानुवर्षं राहून जातो. "सिडोली राहिली" हे ओझं तुम्हाला पीएचक्यूच्या नऊ प्रश्नांत कुठंच सापडणार नाही. गेलेल्या नवऱ्याची हाक ऐकू येते असं एखादी म्हणाली की लगेच सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार) लिहू नका. बाकी वागणं, बोलणं, काम नीट आहे का ते बघा. नुकत्याच झालेल्या मृत्यूनंतरचं रडणं, जागरण हा आजार नसतो, त्याला गोळीही लागत नाही. महिने उलटले तरी माणूस उठत नाही, खात नाही, स्वतःला दोष देत राहतो, तेव्हा मात्र उपचार करा.

गोळी

गुण दहाच्या आत असतील तर मी गोळी देत नाही. बोलणं, झोपेची घडी आणि खाली सांगितलेला कामाचा कार्यक्रम पुरतो. दहा ते चौदाला आधी हेच करते, दोन बाजारांत फरक दिसला नाही तर गोळी. पंधराच्या पुढं दोन्ही एकदम.

फ्लुऑक्सेटिन २० मिलिग्रॅम, सकाळी, काहीतरी खाऊन. किंवा एस्सिटालोप्राम, ५ ने सुरू करून आठवड्यानं १०. स्टोअरमध्ये जे सलग सहा महिने मिळण्याची खात्री आहे तेच सुरू करा, फार्मासिस्टला विचारून. अ‍ॅमिट्रिप्टिलिन जुनं आणि स्वस्त आहे, पण अख्खी पट्टी एकदम घेतली तर हृदय बंद पाडतं. फवारणीच्या विषाचा डबा आधीच घरात असलेल्या माणसाच्या हातात मी ते देत नाही.

सुरू करण्याआधी एक प्रश्न विसरू नका: "असे दिवस कधी आले होते का, की आठवडाभर झोप नको, बडबड फार, पैसे उधळले, भांडणं केली?" "हो" आलं तर तो बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी उन्माद असा आजार, असू शकतो. नुसत्या या गोळीनं तो भडकेल. अशा वेळी तज्ज्ञाशी बोलल्याशिवाय काही नको. अठरा वर्षांखालच्यांनाही पीएचसीत परस्पर सुरू करू नका, आणि पंचविशीच्या आतल्यांना पहिले काही आठवडे जास्त जपा, सुरुवातीला जीव देण्याचे विचार वाढू शकतात. बाळ अंगावर पीत असेल तर सर्ट्रालिन बरं, फ्लुऑक्सेटिन दुधातून जास्त जातं. या गोळ्यांबरोबर डायक्लोफेनॅकचा मारा चालू असेल तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि ट्रॅमाडॉल हे दुखण्याचं औषध तर टाळाच.

आता महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात मळमळतं, डोकं दुखतं, जरा घाबरल्यासारखं होतं. औषधाचा गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक दिसायला सहा. म्हणजे आधी त्रास, मग आराम. हे न सांगता दिलेली गोळी पाचव्या दिवशी चुलीत जाते. माझ्या पहिल्या चार पेशंटांपैकी तिघांनी अशीच सोडली, आणि ते "लोकांना समज नाही" म्हणून घडलं नव्हतं, मीच सांगितलं नव्हतं.

तिसरा आठवडा

सगळा खेळ इथं आहे. निदान करणं, चिठ्ठी लिहिणं कुणालाही जमतं. ती बाई तिसऱ्या आठवड्यात परत तुमच्या टेबलासमोर बसलेली असणं, हा खरा उपचार. त्यासाठी मी शंभर पानी वही घातली. डावीकडं नाव, गाव, आशाताईचं नाव. उजवीकडं बाजारांच्या तारखा. आजाराचं नाव वहीत कुठंच नाही, नुसता हिरवा ठिपका. वही कुलुपात. शिपायानं चुकून उघडली तरी काही कळू नये.

औषध मी एका वेळी दोनच आठवड्यांचं देते, बाजाराच्या दिवसाला जोडून. तेल-मीठ घ्यायला माणूस येणारच, तेव्हाच गोळी घेऊन जातो, आणि पीएचसीत का गेला होता हे कुणी विचारत नाही. त्या दिवशी ओपीडीत शंभरावर माणसं असतात, म्हणून हिरव्या ठिपक्यांना दुपारी दोननंतर बोलवायचं. जो आला नाही त्याचं नाव संध्याकाळी आशाताईला. तिनं घरी जाऊन "गोळी घेतली का?" असं ओरडून विचारायचं नाही. "मॅडमनी बीपी बघायला बोलावलंय" इतकंच.

आशाताई हे काम करू शकतात का, असं वरिष्ठ विचारतात. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत "विश्राम" नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या मदतीनं नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत नैराश्याचे पेशंट बरे करून दाखवले, त्याचा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांची पद्धत सोपी होती, आणि आम्ही तीच उचलली.

पद्धत अशी. नैराश्यात माणूस काम सोडतो, काम सोडल्यानं आणखी खचतो. मन बरं होईपर्यंत थांबायचं नाही, आधी हात चालवायचे. पण "घराबाहेर पडा, छंद जोपासा" असला सल्ला इथं हास्यास्पद आहे. आशाताई पेशंटला विचारते, पूर्वी काय करत होतीस जे आता सुटलंय? त्यातलं सगळ्यात लहान उचलायचं. त्या सात केसपेपरवाल्या बाईनं हापशीवर जाणं सोडलं होतं, मुलगी पाणी आणायची. पहिल्या आठवड्याचं काम: रोज सकाळी एक हंडा, बाकीचे मुलीनं. दुसऱ्या आठवड्यात हापशीवर शेजारणीशी दोन शब्द. मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली, तेव्हा पहाटे टोपली घेऊन जावेबरोबर जाणं. झालेलं काम भिंतीवर कोळशाच्या रेघेनं मांडायचं. नवव्या आठवड्यात ती आली तेव्हा मी चिंचोके काढले, आणि तिनं तीनच सरकवले.

दारूबद्दल थोडक्यात. मोहाची दारू इथं देवालाही लागते, त्यामुळं "सोडा" हे भाषण फुकट. किती, कधीपासून, सकाळी हात थरथरतात का, एवढं विचारा. थरथरत असतील तर एकदम बंद करायला सांगू नका, झटके येऊ शकतात. त्याला दाखल करून दारू उतरवायची.

नवव्या प्रश्नाला "हो"

एकटं सोडायचं नाही. सोबतच्या माणसाला आत बोलवा, पेशंटला सांगून. घरात फवारणीचं औषध कुठं आहे ते विचारा आणि आजच ते दुसऱ्या घरी, कुलुपात ठेवायला लावा. नुसतं लपवायला सांगून उपयोग नाही. घरात काय कुठं लपतं हे सगळ्यांना माहीत असतं. जीव देण्याचा विचार पुष्कळदा तासाभरात ओसरतो, हाताशी विष नसलं की तो तास निघून जातो. नक्की बेत ठरलेला असेल, आधी प्रयत्न झालेला असेल, खाणंपिणं बंद असेल तर १०८ बोलवून उपजिल्हा रुग्णालयात.

विष घेऊन आलेला माणूस वाचला की घरच्यांना पोलिसांची भीती असते आणि ते खोटी हकिगत सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) नोंदवा, पण ही गोष्ट त्यांना समजावून सांगा. आणि त्याचं नाव वहीत लिहा, कारण पोट धुवून घरी पाठवणं म्हणजे निम्माच उपचार.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट चालतो, ऑक्टोबर २०२२ पासून. तो पेशंटला देऊन भागत नाही, गावात रेंज असेल तर ना! तो तुम्ही वापरा. पीएचसीच्या फोनवरून, पेशंट समोर बसवून, अडलेला डोस विचारायला.

गाव रिकामं होतं तेव्हा

दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव कामाला उतरतं, परतवाडा, अकोट, अजून लांब. वहीतले ठिपके गळायला लागतात. आम्ही ऑक्टोबरातच प्रत्येकाला विचारून ठेवायचो: कुठं जाणार, कुणाबरोबर, मुकादमाचा नंबर काय. ज्यांचे विचार शांत आहेत त्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या, सोबतच्या जबाबदार माणसाकडं. चिठ्ठीवर औषधाचं नाव ठळक, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. होळीला सगळे परततात, कोरकूंचा तोच मोठा सण. होळीनंतर लगेच तपासणीचा दिवस ठेवायचो, पण फगव्याचे, म्हणजे होळीनंतरच्या सणाचे, दिवस सोडून. त्या दिवसांत कुणी येत नाही, आणि येऊही नये.

बरं वाटायला लागल्यावर निदान नऊ महिने गोळी चालू ठेवा, मग महिनाभरात हळूहळू कमी करा. कामाला बाहेर पडायच्या तोंडावर किंवा गेलेल्या माणसाचा महिना जवळ आलेला असताना बंद करू नका.

बदलीची ऑर्डर आली तेव्हा वहीत एकतीस ठिपके होते, चोवीस चालू, सात बंद करून बरे. नव्या डॉक्टरबरोबर मी तीन बाजार बसले, प्रत्येक पेशंटला त्याच्यासमोर ओळख करून दिली. चार्ज हस्तांतरणाच्या यादीत स्टेथोस्कोपपासून बादलीपर्यंत सगळं असतं. वही आणि चिंचोक्यांची डबी आम्ही खाली पेननं लिहून घेतली.